दोन्ही गाणे १३८, मग बीट काहून लागत नाही?

दारव्हा तालुक्यातल्या एका पोट्ट्याचं पत्र आलं आहे, थोडं कापून देतो:

"दादा नमस्कार. वय २१. घरी कपाशी अन् सोयाबीन, लग्नाच्या सिझनमध्ये गावातल्या एका डीजेच्या गाडीवर काम करतो. आधी वायरी ओढत होतो, आता दोन सिझनपासून लॅपटॉपवर बसतो. मागच्या महिन्यात एका वरातीत ढोलकीच्या लग्नाच्या गाण्यावरून रिमिक्सवर जायचं होतं, सॉफ्टवेअर दोन्ही गाणे १३८ बीपीएम दाखवून राहिलं होतं, मी सिंक (दोन गाण्यांची चाल आपोआप जुळवणारं बटण) दाबलं अन् अशी खिचडी झाली का नाचणारे पोट्टे जागच्या जागी उभे राहिले. मालक सगळ्यांसमोर बोलला. त्याच्यानंतर एका जुन्या गाण्यातही झालं, सुरुवातीला बीट बरोबर लागलं अन् अर्ध्या मिनिटात सुटलं. माझा कान खराब आहे का? बीपीएम हातानं कसा काढतात? पैसे देऊन दुसरं सॉफ्टवेअर घेऊ का?"

बाबू, पहिले कानाचं सांगतो, तुझा कान चांगला आहे. खिचडी झाली हे तुला ऐकू आलं, लगेच आलं, अन् महिनाभरानंतरही ते डोक्यात आहे म्हणून तू पत्र लिहिलं. ज्याचा कान खराब असते त्याला गाणं सुटलेलं कळतच नाही, तो व्हॉल्यूम वाढवते. अन् मालकानं चार लोकांत बोलायला नको होतं, बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पण ते आता सोड, आपण कामाचं बोलू.

तुझ्या पत्रात दोन वेगवेगळे रोग आहेत. ढोलकीच्या गाण्याचा एक, जुन्या गाण्याचा दुसरा, अन् दोघांवर औषधही वेगळं आहे.

ढोलकीवाल्यापासून सुरू करतो कारण आपल्याकडे लग्नात हाच सगळ्यात जास्त नडते. बीपीएम म्हणजे एका मिनिटात किती ठोके, इतकंच. पण ठोका कशाला म्हणायचं हे सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेलं नसते. ते गाण्यात कुठं कुठं आवाज एकदम उसळते ते पाहते, त्यातलं सारखं अंतर शोधते अन् एक आकडा काढून देते. म्हणजे अंदाज. मशीनवर बनवलेलं चारच्या ठेक्याचं गाणं असलं, दर ठोक्याला किक, म्हणजे ड्रमचा तो जाड धप्प आवाज, पडत असली, तर हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघते. सहाच्या ठेक्यात मात्र तो गडबडते.

माझे एक काका मोझरीकडचे, भजनी मंडळात खंजेरी वाजवायचे. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे त्या भागात खंजेरी घराघरात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो तेव्हा संध्याकाळी ओट्यावर बसून ते माझ्याकडून मांडीवर थाप मारून बोल म्हणून घ्यायचे. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ती न क धि न. दादऱ्याच्या सहा, धा धी ना, धा ती ना. मी बोटांच्या पेरांवर मोजत बसलो का म्हणायचे, "बोटं कायले मोजतं, पाय कुठी पडते ते पाह्य." तेव्हा मला त्याचा अर्थ नव्हता कळला, पुढं गाडीवर बसल्यावर कळला, अन् आज तुला तेच सांगून राहिलो.

आता तुझं ते ढोलकीचं गाणं घे. मी ऐकलेलं नाही, पण १३८ हा आकडा पाहून मला जवळपास खात्री आहे का ते दादऱ्याच्या चालीचं, सहाच्या ठेक्याचं असणार. असं समज का त्या गाण्यात नाचणाऱ्याचा पाय मिनिटाला ९२ वेळा पडते. प्रत्येक पावलात तीन बारीक मात्रा, धा-धी-ना एक पाऊल, धा-ती-ना दुसरं पाऊल. म्हणजे बारीक मात्रा झाल्या मिनिटाला २७६. सॉफ्टवेअरला तीन-तीनचं सुचत नाही, ते दोन-दोनच्या जोड्या लावते, धा-धी, ना-धा, ती-ना, अन् २७६ चे निम्मे म्हणजे १३८ तुझ्यासमोर मांडून मोकळं होते. पोळ्याला सहा बैल दोन-दोनच्या जोडीनं उभे केले तर तीन जोड्या होतात, तेच तीन-तीनच्या ओळीनं उभे केले तर दोनच ओळी. बैल तेवढेच, मोजणी वेगळी. तुझं रिमिक्स खरोखरचं १३८ होतं, दर ठोक्याला किक. ढोलकीचं गाणं खरं ९२. सिंक दाबल्यावर दोघं फक्त दर सहा मात्रांनी एकदा भेटत होते अन् मधल्या वेळात एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडत होता. पोट्टे उभे राहिले कारण त्यांना कळेचना का पाय टाकायचा कोणाच्या ठोक्यावर. त्यांचा काही दोष नाही, अन् सिंकचाही फार नाही, सिंक आकड्यावर चालते अन् आकडाच चुकीचा होता.

याच्यावर उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअरनं दिलेल्या आकड्याचे दोन-तृतीयांश करायचे, १३८ चे ९२. मिक्स नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, नावाच्या शेवटी तीनदा एक्स लिहितात ते, त्यात गाण्यावर राईट क्लिक करून बीपीएम दुप्पट, निम्मा, दोन-तृतीयांश, तीन-चतुर्थांश असे तयार पर्यायच दिलेले आहेत, म्हणजे ही भानगड फक्त आपल्याकडची नाही. तू जे वापरतो त्यात असा पर्याय नसला तर आकडा हातानं टाक. निम्मे-दुप्पटची चूकही याच घरातली, ७० चं गाणं १४० दाखवते, ८५ चं १७०. ती मात्र कमी त्रासाची, कारण तिथं ठोके एकमेकांवरच पडतात, गाणं संथ का जलद इतकाच गोंधळ होते.

आकडा बरोबर का चूक हे ओळखायचं कसं? पाय. गाणं लाव, उभा राहा, चालून पाहा. खोलीत एकटा असशील तर लाज कशाची. नाहीतर वरातीतला व्हिडिओ काढून पाहा, बायका टाळी कुठं देतात, पोरांचा पाय कुठं पडते. तोच ठोका मोजायचा, मधल्या मात्रा नाही.

आता हातानं काढायचं. बरेच जण घड्याळ लावून १५ सेकंदात किती ठोके पडले ते मोजतात अन् चारनं गुणतात. हे कामाचं नाही. एक ठोका इकडचा तिकडं झाला का उत्तरात सरळ ४ बीपीएमचा फरक पडते, अन् १५ सेकंद कधीच नेमके ठोक्यावर संपत नाहीत. उलटं करायचं, ठोके ठरवून घ्यायचे अन् सेकंद मोजायचे. मोबाईलचं स्टॉपवॉच काढ. गाण्यात ठेका पक्का सुरू झाला का मोजणी अशी कर: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, चार दोन तीन चार, म्हणजे प्रत्येक चाराच्या पहिल्या ठोक्याला कितवं आवर्तन ते म्हणायचं. पहिल्या "एक" ला स्टॉपवॉच सुरू, अन् "सोळा दोन तीन चार" झालं का "सतरा" म्हणताना बंद. बंद करायचं सतरावर बरं, सोळावर नाही, कारण आपण ठोके नाही तर दोन ठोक्यांमधलं अंतर मोजून राहिलो. हे झाले बरोबर ६४ ठोके. मग ३८४० ला आलेल्या सेकंदांनी भाग द्यायचा, ३८४० म्हणजे ६४ गुणिले ६०. तीस सेकंद आले तर १२८. साडेतीस आले तर १२५.९. ढोलकीच्या गाण्यात ६४ पावलं मोज, ४१.७ च्या आसपास सेकंद आले तर ते ९२ चं गाणं.

तीनदा मोज. तिन्ही वेळा थोडं थोडं वेगळं येईल, अंगठा मागंपुढं होते, तीसेक सेकंदात दशांश सेकंद चुकला तर ०.४ बीपीएमचा फरक पडते. म्हणून जमलं तर १२८ ठोके मोज अन् ७६८० ला भाग दे, चूक निम्म्यावर येते. मशीनवर बनवलेलं गाणं बहुतेक पूर्ण आकड्यावर असते, तुझं उत्तर १२७.८ आलं अन् गाणं आजकालचं रिमिक्स असलं तर १२८ धरून चाल अन् लावून पाहा. टॅपचं बटण, दर ठोक्याला दाबलं का बीपीएम दाखवते ते, बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ते वापरलं तरी चालते, पण दहा-बारा टॅपवर थांबू नको, मिनिटभर टॅप करत राहा तेव्हा आकडा स्थिर होते. अन् अगदी नेमकं पाहिजे असलं तर ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाक, गाणं उघडून झूम कर, किकचा उभा काटा स्पष्ट दिसते, एका किकच्या सुरुवातीपासून ६४ ठोक्यांनंतरच्या किकपर्यंत निवड, खाली किती सेकंद ते लिहून येते. त्यानं ३८४० ला भाग. रात्री कपाशीला पाणी द्यायला गेला का लाईटची वाट पाहत बसतोच ना, तेव्हा मोबाईलवर चार-पाच गाणे मोजून होतात.

तू म्हणशील एका बीपीएमनं काय होते. हिशोब करून पाहा. १२८ च्या गाण्यात दोन ठोक्यांत ०.४६९ सेकंद, १२७ च्या गाण्यात ०.४७२. फरक काहीच नाही वाटत. पण तो साचत जाते, ३२ ठोक्यांनंतर, म्हणजे फक्त १५ सेकंदात, दोन गाणे एकमेकांपासून ०.१२ सेकंद लांब गेलेले असतात, पाव ठोका. तेव्हा दोन किक एकामागं एक अशा पडतात का घोडा दौडत आल्यासारखं ऐकू येते. तो आवाज ओळखायला शीक, तो आला का जॉगनं, म्हणजे गाणं मागंपुढं सरकवायच्या गोल चाकानं, लगेच ढकल किंवा ओढ, कोणतं गाणं पुढं पळालं ते न कळून दोन सेकंद नुसता ऐकत बसू नको, कोणत्याही एका बाजूला ढकलून पाहा, वाढलं तर उलटं कर.

आता तुझा दुसरा रोग, जुनं गाणं सुरुवातीला लागलं अन् मग सुटलं. तिथं तू काहीच चुकला नाही. जुन्या काळी स्टुडिओत सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे, कानात ठेका धरून देणारी क्लिक नाही, तबलावाला-ढोलकवाला माणूसच तो, कडव्याला थोडा सैल सोडते, शेवटी गाणं चढवते. गाण्यात जीव त्याच्यामुळंच आहे, मला तर ते गाणे त्याच्यासाठीच आवडतात. पण सॉफ्टवेअर सगळ्या गाण्याचा मिळून एकच आकडा काढून ठोक्यांची सरळ जाळी आखते अन् ठेका काही त्या जाळीत बसत नाही. असं गाणं तीन ठिकाणी मोज, सुरुवात, मध्य, शेवट, प्रत्येक ठिकाणी ३२ ठोके, १९२० ला सेकंदांनी भाग. समज सुरुवातीला १८.५ सेकंद आले अन् शेवटी १७.८, तर गाणं १०३.८ वर सुरू होऊन १०७.९ वर संपते, चार बीपीएम चढलं. तुला गाणं कुठून सोडायचं आहे तिथलाच आकडा तुझ्या कामाचा, बाकीचे विसर. अशा गाण्यावर सिंक बंद ठेव. जिथून बाहेर पडायचं तिथं चार किंवा आठ ठोक्यांचा लूप लाव, लूपमध्ये तेच ठोके फिरतात म्हणून चाल बदलत नाही, अन् त्या लूपवर नवीन गाणं चढव. नाहीतर बीट जुळवायच्या भानगडीतच पडू नको, ध्रुवपद संपलं का इकोवर, म्हणजे आवाज घुमत घुमत विरेल असं, सोड अन् नवीन गाणं पहिल्या ठोक्यापासून टाक, लोकांना ते चालते.

कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांचं आणखी वेगळं. भजनं, कव्वाली, भीमगीतं, आपल्याकडे किती तरी चांगले गाणे कुणाच्या तरी घरच्या कॅसेटवरूनच मोबाईलमध्ये आले. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर फिरायला पाहिजे, पण टेपचा बेल्ट ढिला असला का कमी फिरते, मग गाणं संथ अन् सूरही उतरलेला. अशा फाईलच्या नेटवरच्या आकड्यावर भरोसा ठेवू नको, दुसऱ्याची फाईल वेगळी, तुझी वेगळी, आपली आपण मोजायची. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी जुने भीमगीतं लावत असशील तर हे काम दोन दिवस आधी बसून कर, लोक त्या गाण्यांसाठी वर्षभर थांबलेले असतात, तिथं खिचडी व्हायला नको.

पिचचा, म्हणजे गाण्याची चाल कमीजास्त करायच्या पट्टीचा, हिशोबही सांगून ठेवतो. पाहिजे तो बीपीएम भागिले आहे तो बीपीएम. १२४ चं गाणं १२८ वर न्यायचं तर १.०३२, म्हणजे पिच ३.२ टक्के वर. सप्तकात १२ सूर, एका सुरावरून पुढच्यावर जायला जवळपास ६ टक्के लागतात, म्हणून की लॉक (चाल बदलली तरी सूर तोच ठेवणारं बटण) बंद असताना ६ टक्के चढवलं का अख्खं गाणं एक सूर वर जाते अन् गाणाऱ्या बाईचा आवाज लहान पोरीसारखा होते. की लॉक चालू असलं तर सूर राहते पण फार ताणलं का ढोलकीची थाप फाटल्यासारखी येते, म्हणून मी ४-५ टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ ला आला, १९७९ च्या एमके-२ मध्ये त्याला तो सरकता पिच बसवला, वर ८ टक्के खाली ८ टक्के. त्याच्यावर वाजवणाऱ्यांसमोर स्क्रीन नव्हती, त्यांनी कानानं अन् मोजूनच जुळवलं. तुलाही जमेल, ती काही जन्मजात गोष्ट नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाही पण विचारतो, हेडफोन कोणता वापरतो? ब्लूटूथचा असला तर आजच बाजूला ठेव. त्यात आवाज उशिरा येते, तू बीट बरोबर लावतो अन् बाहेर ते पुढं पळालेलं असते. वायरचाच पाहिजे. अन् बॉक्स लांब असले, मांडवात तू एका टोकाला अन् बेस दुसऱ्या टोकाला, तर बाहेरच्या आवाजावर जुळवू नको. आपल्या उन्हाळ्यात आवाज सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जाते, ३५ मीटरवरच्या बॉक्सचा ठोका तुझ्यापर्यंत दशांश सेकंद उशिरा येते, अन् वर पाहिलं ना, ०.१२ सेकंदात घोडा दौडायला लागते. दोन्ही गाणे हेडफोनमध्ये घे किंवा एखादा लहान स्पीकर आपल्या बाजूला ठेव.

सॉफ्टवेअर विकत घेऊ नको, निदान याच्यासाठी तर नकोच. महागातलं महाग घेतलं तरी दादऱ्याला ते अंदाजच लावणार. त्या पैशात एक चांगला वायरचा हेडफोन घे. अन् मोजलेला आकडा फाईलच्या नावातच सुरुवातीला टाक, तीन आकडी, ०९२, १०४, १२८ असं, म्हणजे पेनड्राईव्ह कोणत्याही लॅपटॉपला लावला तरी गाणे चालीप्रमाणे ओळीनं दिसतात. सहाच्या ठेक्याचं असलं तर आकड्यानंतर "दादरा" लिही. वरातीत पिकअप हलत असते, वरून ऊन, नवरदेवाचा मामा गाण्याचं नाव ओरडून सांगून राहिला, तेव्हा हेच नाव कामी येते, स्क्रीनवरचे बारीक रंग पाहायला वेळ नसते.

राहिलं हे का त्या रात्री करायला काय पाहिजे होतं. ९२ च्या ढोलकीवरून १३८ च्या रिमिक्सवर ताणून जाता येत नाही, मधलं अंतर फार. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मधात ९२ चं चारच्या ठेक्याचं गाणं घे, पाय दोघांचाही तेवढाच पडते, पहिला ठोका पहिल्यावर ठेवला का धा-धी-ना अन् किक एकमेकांत छान बसतात, तिथून मग तोड करून १३८ वर जा. दुसरा रस्ता म्हणजे ढोलकीचं गाणं समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, कापायचं, एक श्वास रिकामा सोडायचा, माईकवर नवरदेवाच्या मित्रांना समोर बोलवायचं अन् रिमिक्स किकपासून सोडायचं. वरातीत मला हा दुसरा जास्त आवडते, त्या रिकाम्या श्वासात सगळे तुझ्याकडं पाहतात अन् पहिल्या किकला एकदम उड्या मारतात.

ते ढोलकीचं गाणं आज संध्याकाळीच मोज, ६४ पावलं, तीनदा. ४१-४२ सेकंद आले तर माझा अंदाज बरोबर होता. नाही आले तर किती आले ते मला लिहून पाठव, मग पुन्हा पाहू.